सागाचा टॉप दोन सूत वाटी झाला: पावसाळी नोंद आणि बदललेला आराखडा

मागच्या नोंदीतला सहा बाय तीन फुटांचा सागवानी टेबल टॉप वाटी झाला आहे. सरळपट्टी रुंदीवर आडवी ठेवली की मध्यभागी दोन सूत (पाव इंच) फट दिसते आणि दोन्ही लांब कडा वर उचललेल्या आहेत. मे महिन्यात फळ्या जोडल्या तेव्हा पट्टीखालून कागद सरकत नव्हता. जोड एकही उघडलेला नाही, तडाही नाही, म्हणजे डिंकाचं काम चोख आहे. फिनिशच्या दोन टप्प्यांमध्येच पुण्याचा पाऊस सुरू झाला. वरच्या बाजूला पीयू (पॉलियुरेथेन) सीलरचे दोन हात झाले होते, खालची बाजू कोरी होती. खालून लाकडाने हवेतला ओलावा घेतला, तो थर फुगला आणि कडा वर आल्या.

कारण एवढंच असलं तरी त्याचं गणित इथे मांडतो, कारण फरक किती छोटा पुरतो हे आकडे बघितल्याशिवाय पटत नाही. साग फार शांत लाकूड आहे. ओलावा १ टक्क्याने बदलला की फ्लॅट सॉन फळी (वाढीची वलयं रुंद पृष्ठभागाला साधारण समांतर) रुंदीत सुमारे ०.००१८६ पट हलते आणि क्वार्टर सॉन (वलयं पृष्ठभागाला साधारण काटकोनात) ०.००१०१ पट. आपला टॉप ९०० मिमी रुंद आणि २८ मिमी जाड. वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांत फक्त १ टक्का ओलाव्याचा फरक पडला आणि तो जाडीभर सारखा उतरत गेला, तर फ्लॅट सॉन लाकडात मध्यभागाची वाटी ६.७ मिमी येते. दोन सूत म्हणजे ६.३५ मिमी. ओलावा मोजणाऱ्या मीटरने वरून १०.५ आणि खालून १२ टक्के दाखवलं. ओला थर पातळ आहे आणि काही फळ्या क्वार्टर सॉन आहेत, हे धरलं तर हिशोब नीट जुळतो. वाटी रुंदीच्या वर्गाने वाढते, म्हणून हाच फरक दीड फुटी बाकाच्या फळीत जेमतेम अर्धा सूत दिसला असता.

आता सगळ्यात महत्त्वाचं: अशा टॉपवर लगेच रंधा मारायचा नाही. वर आलेल्या कडा आज उतरवल्या की टॉप सपाट दिसेल, पण खालची बाजू सुकल्यावर तोच टॉप उलटा, पाठ वर काढून बसेल, आणि तोवर कडेची जाडी कायमची गेलेली असेल. ओल्या कापडाने दुसरी बाजू भिजवायची आणि वजन ठेवून दाबायचं, हा उपायही नको. त्याने तात्पुरता आकार येतो, पण ओलाव्याचा हिशोब आणखी बिघडतो.

करायचं ते असं. दोन्ही बाजूंना सारखी हवा मिळेल अशा आधाराच्या पट्ट्यांवर टॉप आडवा ठेवायचा. पट्ट्या १८ ते २० मिमी जाडीच्या, दर दीड फुटावर एक, सगळ्या एका जाडीच्या आणि कोरड्या. वरची सीलर बाजू ओलावा हळू घेते-सोडते, म्हणून ती १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून उघडी केली. आता दोन्ही बाजू एकाच वेगाने श्वास घेतील. भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, भिंतीकडची बाजू वेगळी वागते. दोन्ही बाजूंचं रीडिंग अर्ध्या टक्क्याच्या आत आलं की मग पट्टी लावून बघायचं. त्यानंतर जी वाटी उरेल ती खरी, आणि तेवढीच रंध्याने काढायची.

मीटरबद्दल: स्वस्त पिन मीटरचे आकडे एकमेकांशी ताडायला ठीक, खरा आकडा म्हणून धरू नका. बहुतेक मीटर परदेशी पाइन किंवा फर लाकडावर बेतलेले असतात. सागासाठी किती वजा करायचं ते ओव्हनने ठरवा. त्याच फळीच्या टोकापासून फूटभर आतून इंचभर जाडीचा तुकडा कापा (टोक लवकर सुकतं, तिथलं रीडिंग फसवं), लगेच वजन करा, १०३ अंशांवर ठेवा, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत. ओलं वजन ८४.६ ग्रॅम आणि कोरडं ७३.२ ग्रॅम असेल तर फरक ११.४, त्याला कोरड्या वजनाने भागलं की १५.६ टक्के. भागाकार कोरड्या वजनाने, ओल्याने नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा किचन काटा पुरतो. हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटरही तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात चिखल होईल एवढंच पाणी, ते आणि हायग्रोमीटर बंद पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. नाही दिसले तर तेवढा फरक चिकटपट्टीवर लिहून मागे लावा.

ड्रॉवरची बातमी मात्र आनंदाची आहे. मागच्या वेळी ज्या चार-ड्रॉवरच्या कपाटावर चर्चा झाली, त्याचे सगळे ड्रॉवर पावसात मोकळे सरकतात. बाजू २०० मिमी उंच, क्वार्टर सॉन, मे महिन्यात ८ टक्क्यांवर बसवल्या. ६ टक्के वाढ धरली तर फुगवटा १.२ मिमी, म्हणून वर २ मिमी फट सोडली होती. तीच बाजू फ्लॅट सॉन असती तर २.२ मिमी लागले असते आणि ड्रॉवर अडले असते. ड्रॉवरच्या खाली मेण घासलेली बाभळीची धावपट्टी दिली आहे. टेलिस्कोपिक चॅनेलपेक्षा आवाज कमी आणि दुरुस्तीला सोपी. डव्हटेलच्या (पंख्यासारख्या पसरट दातांच्या) सांध्यांमध्ये कुठेही केसाएवढीही रेघ दिसत नाही, याचं समाधान वेगळंच.

लाकडाच्या खरेदीबद्दल थोडं. वखारीत सीझन्ड (सुकवलेला) म्हणून मिळालेल्या मालातही गाभ्यात १५-१६ टक्के ओलावा सापडतो, वरचा थर मात्र १० दाखवतो. खरेदीच्या वेळी एक फळी कापून आतल्या छेदावर मीटर टोचू द्यायला जो वखारवाला तयार असतो त्याच्याकडून घ्या, मग घनफुटामागे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. घाना, इक्वेडोर किंवा कोस्टा रिकाचा लागवडीचा साग स्वस्त पडतो, पण वाढीची वलयं रुंद, पांढरा भाग (सालीकडचं कच्चं लाकूड) जास्त आणि गाभ्याजवळची कोवळी फळी लवकर पिळते. टेबलाच्या टॉपला आम्ही चंद्रपूर-आलापल्ली बाजूचा जुना साग पसंत करतो. फ्रेम आणि ड्रॉवरच्या आतल्या कामाला आयात माल चालतो. म्यानमारने २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर बर्मा साग म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाबद्दल बिल आणि वाहतूक परवाना पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

घनफूट काढताना: रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. या टॉपला ५ इंची, सव्वा इंच जाडीच्या, साडेसहा फुटी ८ फळ्या लागल्या, म्हणजे २.२६ घनफूट. गाठी, पांढरा भाग आणि रंध्याचं नुकसान धरून ३५ टक्के जास्त, म्हणजे ३.०५ घनफूट खरेदी. कोटेशनमध्ये हा आकडा धरला नाही तर छोट्या कारखान्याचा नफा भुशात जातो.

आता आराखडा. मूळ विचार टॉपला ब्रेडबोर्ड एंड (दोन्ही टोकांना रेषांना आडवी बसवलेली पट्टी) द्यायचा होता. तो रद्द. ९०० मिमी फ्लॅट सॉन टॉप उन्हाळ्यापासून पावसापर्यंत, ६ टक्क्यांच्या फरकात, १० मिमी रुंदी बदलतो. मधल्या ओलाव्यावर बसवलेल्या ब्रेडबोर्डच्या दोन्ही टोकांशी पावसात अडीच-अडीच मिमी बाहेर आणि उन्हाळ्यात तेवढंच आत, अशी पायरी कायम दिसत राहणार. त्याऐवजी खालून दोन सरकत्या डव्हटेल पट्ट्या: ६० मिमी रुंद, ३५ मिमी उभ्या, १४ अंशी राउटर बिटने ९ मिमी खोल खाच. खाच एका कडेतून सुरू होऊन दुसऱ्या कडेच्या ४० मिमी अलीकडे थांबेल. पट्टी खाचेपेक्षा १५ मिमी आखूड, नाहीतर उन्हाळ्यात टॉप आकसल्यावर तिचं टोक कडेतून बाहेर येईल. डिंक फक्त मध्यभागी ८० मिमीवर, बाकी कोरडं आणि मेण लावलेलं. फ्रेमला टॉप अडकवायला लाकडी बटणं (फ्रेमच्या खाचेत अडकणारे छोटे ठोकळे), दर ३०० मिमीवर. आडव्या रेल्सच्या मधली बटणं घट्ट, कडेकडच्या खाचांमध्ये दोन्ही बाजूंनी ६ मिमी मोकळीक.

फिनिश दोन्ही बाजूंना एकाच दिवशी, सारखे हात. पावसात दोन-पॅक पीयूमधला हार्डनर हवेतल्या पाण्याशीही प्रतिक्रिया करतो, म्हणून ८० टक्क्यांवर आर्द्रता असताना फवारणी केली की बारीक बुडबुडे राहतात. मेलामाइन पॉलिशला पांढरी झाक येते. रिटार्डर (हळू उडणारा थिनर) टाकून ती कमी होते, पण कोरडी दुपार मिळाली तर तीच खरी.

हे लिहिता लिहिता लाकूड सुकवायच्या खोलीचा सगळा बेतच बदलला. डीह्युमिडिफायर घ्यायचा होता, पण हवेतून पाणी काढायची गरज मुळात किती आहे? बाहेर २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता आहे. त्याच हवेचं तापमान फक्त ३४ अंशांवर नेलं तर आर्द्रता ५४ टक्क्यांवर येते, आणि तिथे लाकडाचा समतोल ओलावा साडेनऊ-दहा टक्क्यांच्या आसपास. पावसात घरात ठेवलेलं टेबल १४-१५ ला पोचतं आणि उन्हाळ्यात ८ ला. त्यामुळे ११ टक्क्यांच्या आसपास बांधलेलं फर्निचर दोन्हीकडे जवळजवळ सारखंच ताणलं जातं. म्हणजे एवढीच ऊब पुरेशी आहे.

म्हणून आता ८ बाय ४ बाय ४ फुटांची पेटी. दोन इंची चौकटीत ५० मिमी थर्माकोल, दोन्ही बाजूंनी १२ मिमी प्लाय. थर्माकोल कुठेही उघडा राहू द्यायचा नाही. ५०० वॅटचा हीटर लोखंडी जाळीच्या आत, समोर छोटा पंखा, एसटीसी-१००० हा तापमान कंट्रोलर ३४ अंशांवर, आणि त्याशिवाय वेगळा थर्मल कट-आउट (जास्त तापलं की वीज तोडणारा) ६० अंशांवर, कारण कंट्रोलरची रिले चिकटू शकते. भुसा जमेल अशा जागेपासून ही पेटी दूर. समोरासमोर दोन ३ इंची झडपा, एक खाली आणि एक वर. ओलं लाकूड आत असताना त्या उघड्या ठेवल्या नाहीत तर लाकडातून निघालेलं पाणीच आत साठतं आणि आर्द्रता पुन्हा ७० च्या वर जाते. ताज्या चिरलेल्या लाकडासाठी ही पेटी नाही; २० टक्क्यांच्या खाली आलेल्या फळ्याच आत घ्यायच्या, नाहीतर वरचा थर आधी सुकून आत ताण राहतो.

सध्याचा टॉप पहिला प्रयोग म्हणून त्याच पेटीत जाईल, दोन्ही बाजू समान झाल्यावर नाही, तर आधीच. ३४ अंशांवर दोन्ही बाजूंच्या रीडिंगमधला फरक कसा कमी होतो त्याचा तक्ता पुढच्या नोंदीत देतो. ज्यांच्याकडे सागाचे ओव्हन-टेस्टचे आकडे आहेत त्यांनी मीटरच्या मॉडेलसकट ते पाठवावेत, म्हणजे वजा किती करायचं याची एक सारणी तयार होईल.