आरएक्स ५८० डिटेक्ट होईना, पंखे मात्र जोरात: सांगलीहून लॉग

सध्याची परिस्थिती आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी खालचं सगळं नाही वाचलं तरी चालेल. ग्राफिक्स कार्ड चालू झालंय, विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडं दिसतंय, फक्त एक्स १६ च्या जागी एक्स ८ वर (म्हणजे डेटाच्या सोळा लेनऐवजी आठ लेनवर) चालतंय आणि मी ते तसंच ठेवणार आहे.

मशीन साधंच आहे. आय५ १०४००, बी४६० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा). कार्ड सेकंडहँड, आरएक्स ५८० ८ जीबी, पुण्यातल्या एकाकडून कुरिअरनं मागवलेलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम हे क्रिप्टोचलन प्रूफ ऑफ स्टेकवर (मायनिंग न लागणाऱ्या पद्धतीवर) गेलं आणि ग्राफिक्स कार्डवरचं त्याचं मायनिंग एका दिवसात संपलं, तेव्हापासून असली कार्डं बाजारात पोत्यानं आलीत, त्यामुळं हे पण मायनिंगच्या रिगमधलं (बऱ्याच कार्डांच्या मशीनमधलं) असणार हे धरूनच घेतलं होतं, किंमत पण तशीच होती.

लक्षण असं की कार्ड लावलं, आठ पिनची वायर लावली, बटण दाबलं की पंखे फिरतात, लाईट लागते, सगळं कसं झकास, पण कार्डच्या एचडीएमआयला काही नाही. मदरबोर्डच्या एचडीएमआयला वायर लावली की डिस्प्ले येतो, कारण १०४०० ला आतच स्वतःचं ग्राफिक्स, यूएचडी ६३०, आहे (ते नसलेला १०४००एफ असता तर आंधळी कोशिंबीर, एफवाल्यांनी कायम एखादं टुकार जुनं कार्ड घरात ठेवावं असं माझं मत). बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) स्लॉट रिकामा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डचं नावनिशाण नाही, पिवळा त्रिकोण पण नाही. लिनक्सची पेनड्राइव्ह लावून एलएसपीसीआय (बोर्डला दिसणाऱ्या कार्डांची यादी देणारी कमांड) मारलं तर १००२ नं सुरू होणारी, म्हणजे एएमडीची, एकही ओळ नाही.

आता हे ग्रुपवर टाकलं आणि गणपती पेठेत ओळखीच्या दुकानात पण विचारलं. दोन्हीकडं एकच उत्तर, एसएमपीएस बदला. म्हणजे काहीही होऊ दे, एसएमपीएस बदला. अरे पण ५८० ला लोडवर १८५ वॅट लागतात, त्यातले ७५ पर्यंत स्लॉट देतो आणि आठ पिनची एक वायर १५० पर्यंत, आणि एसएमपीएस कमी पडला तर गेम सुरू झाल्यावर मशीन धाडकन बंद होतं, बायोसमध्ये नुसतं बसलेलं असताना कार्ड गायब होत नाही. नवा एसएमपीएस म्हणजे चार-पाच हजार गेले आणि आजार तिथंच.

माझी पद्धत अशी की कार्ड कुठल्या पायरीवर अडकलंय ते आधी बघायचं. वीज पोचते का, मग स्लॉटमधून प्रोसेसरशी बोलणं होतं का, मग बायोस त्याला डिस्प्लेसाठी घेतो का, आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हर. एलएसपीसीआयमध्ये ओळच नसेल तर ड्रायव्हरचा विषयच येत नाही, तेव्हा डीडीयू (जुना ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) मारा, विंडोज परत टाका असं जे सांगतात त्यांना हात जोडून नमस्कार. पिवळा त्रिकोण असता तर गोष्ट वेगळी.

फुकटातली कामं पहिल्यांदा उरकली. बायोस रीसेट, बोर्डचा सेल काढून थोडा वेळ तसंच ठेवलं, कार्ड काढून परत बसवलं, दुसऱ्या लांब स्लॉटमध्ये लावून बघितलं. तो दुसरा स्लॉट महत्त्वाचा आहे बरं का, माझ्या बोर्डवर वरचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलाय आणि खालचा चिपसेटमधून येतो, म्हणून कार्ड वर दिसत नाही आणि खाली दिसतं असं झालं तर संशय प्रोसेसरच्या सॉकेटवर, एखादी पिन वाकलेली असू शकते. माझं दोन्हीकडं नाही. सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले, पावसाळ्यात कृष्णाकाठची हवा किती ओलसर असते हे आपल्याला सांगायला नको, कपाटातल्या कपड्यांना वास येतो तिथं काँटॅक्टचं काय. खोडरबर वापरणारे पण बरेच आहेत, मी वापरत नाही, त्याचा भुगा स्लॉटमध्ये जातो आणि नवीनच कटकट. फरक शून्य.

वायरीबद्दल एक सांगून ठेवतो कारण नवीन पोरं यात बोर्ड जाळतात. प्रोसेसरची आठ पिनची वायर ४+४ असते आणि कार्डची ६+२. दिसायला भावाभावासारख्या, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट आहेत. खाचा वेगळ्या केल्यात त्या याच्यासाठीच, जोर लावून बसवायची नाही. आणि मॉड्युलर एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची वायर याला अजिबात लावायची नाही, तिकडच्या टोकाला प्रत्येकाचं वेगळंच असतंय.

मग अदलाबदल. गावभागात मित्र आहे, त्याच्याकडं जीटीएक्स १०५० टीआय आहे, तेही ज्याला वेगळी वायर लागत नाही असलं मॉडेल, सगळी वीज स्लॉटमधून घेतं. ते माझ्या मशीनला लावलं, पहिल्या झटक्यात डिस्प्ले. म्हणजे माझा बोर्ड, स्लॉट, प्रोसेसर सगळं ओके. आता उलटं करायचं म्हटल्यावर मित्र बिचकला. त्याचं बरोबर पण आहे, २०१९ च्या पुरात त्याचं एक मशीन पाण्यात गेलंय, तेव्हापासून कॅबिनेट टेबलाखाली ठेवत नाही इतकी धास्ती.

"तुझं हे भंगार माझ्या बोर्डाला काय करणार नाही ना रे?"

"आधी मीटर लावू की, मग बोल."

ही चाचणी प्रत्येकानं कुठलंही सेकंडहँड कार्ड लावायच्या आधी करावी, दोन मिनिटं लागतात. कार्ड टेबलावर, मशीनला न जोडता, मल्टिमीटर रेझिस्टन्सवर. कार्डची पंख्याची बाजू म्हणजे बी बाजू, पाठीमागची ए. ब्रॅकेटच्या बाजूनं मोजायचं. बी १, बी २, बी ३ म्हणजे १२ व्होल्ट, बी ८ म्हणजे ३.३ व्होल्ट, बी ४ ग्राउंड. १२ आणि ग्राउंड, ३.३ आणि ग्राउंड, या दोन जोड्यांत जवळजवळ शून्य ओहम आलं तर शॉर्ट आहे, ते कार्ड कुणाच्याही मशीनला लावायचं नाही. आठ पिनच्या सॉकेटवर पण तेच बघायचं. माझ्याकडं शॉर्ट नव्हता. मित्राच्या मशीनला लावलं, तिथं पण तेच, पंखे जोरात, कार्ड गायब. म्हणजे दोष कार्डात, नक्की झालं.

पंखे फिरतात म्हणजे कार्ड चांगलं हा मोठा गैरसमज आहे. पंख्याला १२ व्होल्ट मिळाले की तो फिरतो, चिप जिवंत असो नाहीतर नसो. म्हणून मागची प्लेट काढून चालू मशीनमध्ये कॉइलवर व्होल्टेज बघितलं (हे जपून, प्रोब घसरला की विषय संपला, हात बसला नसेल तर करू नका). मेमरीच्या कॉइलवर १.५ च्या आसपास, जीडीडीआर५ ला तेवढंच लागतं, आणि मुख्य चिपच्या कॉइलवर एक व्होल्टच्या जरा खाली. सगळं बरोबर. वीज आहे, चिपला मिळते, तरी बोलणं होत नाही. म्हणजे दुसऱ्या पायरीवर अडकलंय, कार्ड आणि स्लॉटच्या मधे.

इथं मजा सुरू होते. पीसीआय एक्सप्रेसमध्ये, म्हणजे स्लॉट आणि कार्डचं बोलणं ज्यातून होतं त्यात, पाठवणाऱ्याच्या बाजूला प्रत्येक लेनच्या दोन्ही तारांत एकेक कॅपॅसिटर असतो. बोर्ड जे पाठवतो त्याचे कॅपॅसिटर बोर्डवर, कार्ड जे पाठवतं त्याचे कार्डवर, सोनेरी दातांच्या अगदी वर, ओळीनं. सोळा लेन म्हणजे कार्डवर बत्तीस. तिसऱ्या पिढीत त्यांची किंमत साधारण २२० नॅनोफॅरड असते, आणि आकार तिळापेक्षा बारीक, एक मिलिमीटर बाय अर्धा. कार्ड कॅबिनेटमध्ये घालताना नाहीतर काढताना पत्र्याच्या कडेला घासलं की हे उडतात आणि उडाले तरी कुणाला कळत नाही. रिगमधून ओरबाडून काढलेल्या कार्डात तर काय बोलायचं.

भिंग आणि मोबाईलचा टॉर्च, उजेड तिरका मारायचा, सरळ मारला तर सोल्डर सगळीकडं सारखंच चमकतं. ए बाजूला खाचेच्या लगेच पुढं पहिली जोडी, ए १६ आणि ए १७, म्हणजे लेन शून्य. तिथं एका जागी कॅपॅसिटरच नाही, दोन रिकामे पॅड, एका पॅडवर सोल्डरचा तुटका कोंब. शेजारचा जागेवर होता पण मधे केसाएवढी चीर. एवढं बारीक काम आणि आठ हजाराचं कार्ड त्यानं मेलेलं. वरच्या लेन गेल्या तर कार्ड कमी लेनवर तरी चालतं, पण लेन शून्य नसेल तर बोलणंच सुरू होत नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवला. त्याचं म्हणणं "पाठवताना चालू होतं". असेल की. भांडत बसलो नाही.

कॅपॅसिटर बसवायच्या आधी एक तपासणी राहते, चिपची ती लेन आतून जिवंत आहे का. मीटर डायोड मोडवर, लाल प्रोब ग्राउंडला, काळा प्रोब कॅपॅसिटरच्या चिपकडच्या पॅडला (दातांकडच्या नव्हे, कॅपॅसिटरमुळं तिथं काही कळत नाही). लेन शून्यच्या दोन्ही पॅडवर शेजारच्या लेनएवढंच रीडिंग आलं. तिथं ओपन आलं असतं तर कार्ड भिंतीवर शोभेला.

माझ्याकडं साधी सोल्डरिंग गन आहे, तिनं हे होत नाही. मिरजेत स्टेशनच्या बाजूला एक मोबाईल रिपेअरिंगवाला पोरगा आहे, मायक्रोस्कोप, हॉट एअर, सगळं आहे त्याच्याकडं. कार्ड बघून आधी नकोच म्हणाला.

"कंप्युटरचं आपण घेत नाही काका."

"कंप्युटरचं नाही रे, दोन कॅपॅसिटरचं आहे. हे बघ इथं."

मायक्रोस्कोपखाली घेतलं आणि हसला. "हे होय? हे तर लई मोठंय. आयफोनमधलं बघा एकदा."

बदली कॅपॅसिटर भंगारातल्या तिसऱ्या पिढीच्याच एका मेलेल्या कार्डवरून, त्याच जागेवरचे काढले, म्हणजे किंमत आणि आकार दोन्हीचा प्रश्न मिटला. त्यानं पॅडवर फ्लक्स लावला, जुनं सोल्डर विकनं (तांब्याच्या जाळीदार पट्टीनं) ओढून घेतलं, नवीन थेंब दिला, चिमट्यानं कॅपॅसिटर जवळ नेला आणि गरम हवा दिल्यावर तो शेवटच्या क्षणाला स्वतःच टुणकन सरळ झाला. वितळलेलं सोल्डर त्याला ओढून मधोमध बसवतं, हे बघायला तरी एकदा जावं कुणाकडं तरी. पैसे सांगितले तर तुम्ही म्हणाल खोटं बोलतो, वडापाव आणि चहात निघण्यासारखं काम होतं, मी जास्तीच दिले.

घरी येऊन आधी लिनक्सच लावलं. एलएसपीसीआयमध्ये ओळ आली, १००२:६७डीएफ, रिव्हिजन ई७. हा आयडी नीट बघत जा. ६७डीएफ हा ४७०, ४८०, ५७०, ५८० सगळ्यांचा एकच आहे, ई७ म्हणजे ५८०, ईएफ असेल तर ५७०, आणि आयडीच ६एफडीएफ आला तर ते २०४८ कोअरवालं, खऱ्या ५८० चे २३०४ असतात. स्टिकर कुणीही लावतंय. माझं खरं निघालं, नाद खुळा.

विंडोजमध्ये मात्र पिवळा त्रिकोण, कोड ४३ (विंडोजनं कार्ड बंद केल्याचा एरर). याचा आनंदच झाला, कारण आता पायरी ड्रायव्हरची. लिनक्सवर चालतंय आणि विंडोजवर कोड ४३, हे मायनिंगसाठी बदललेल्या कार्डच्या स्वतःच्या बायोसचं (बोर्डच्या नव्हे) ठरलेलं लक्षण, मेमरीची टायमिंग घट्ट केलेली असतात आणि एएमडीचा विंडोज ड्रायव्हर बायोसची सही तपासतो. फ्लॅश करायची तयारी केली होती, पण या मॉडेलला वरच्या कडेला बायोसचा छोटा स्विच आहे, दोन बायोस असतात आणि रिगवाले बहुतेक एकच बदलतात. मशीन बंद करून, वायर काढून स्विच दुसरीकडं सरकवला, कोड ४३ गेला. बदललेला बायोस असताना बोर्डच्या बायोसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू व्हायची सोय) बंद केलं की मशीन सुरू होताना स्क्रीन काळी राहत होती, तेही थांबलं.

आता ते एक्स ८. जीपीयू-झेडमध्ये (कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लोड देऊन बघितलं (आरामात असताना हे कार्ड वेग कमी करतं, त्यावर जाऊ नका), स्पीड ३.० येतो पण रुंदी ८. म्हणजे आठच्या पुढची कुठली तरी लेन अजून मेलेली. भिंगातून लेन अकराजवळ एकाच्या सोल्डरवर शंका आहे. एक्स १६ ला सेकंदाला १५.७५ जीबी जातात, एक्स ८ ला त्याच्या निम्मे, आणि ५८० सारख्या ८ जीबी मेमरीच्या कार्डला त्यानं गेममध्ये नजरेला दिसेल असा फरक पडत नाही. त्यासाठी परत तिथं गरम हवा मारायची म्हणजे शेजारचे चांगले बसलेले हलवायचे, मला नाही पटत. कुणी ५८० एक्स ८ आणि एक्स १६ वर मोजून बघितलं असेल तर आकडे टाका, मग विचार करू.

पुढचं काम थर्मल पेस्ट आणि मेमरीचे पॅड. जुनी पेस्ट खडूसारखी झालीय, लोडवर ८४ डिग्री जातंय. पॅड किती जाडीचे लागतात ते कूलर उघडल्यावर व्हर्नियरनं मोजून इथंच टाकतो, ऑर्डर त्यानंतरच.