सहा गुण आणि नऊ अंगठे

आमचा गेम दीपगृहाच्या राखणदाराचा. संध्याकाळी दिवा लावायचा, काच पुसायची, समोरून जाणाऱ्या जहाजांची वहीत नोंद करायची, वादळ आलं तर रात्रभर जागायचं. मारामारी नाही, शत्रू नाही, घड्याळाशी शर्यत नाही. सात माणसांनी तीन वर्षं खपून केलेला गेम. त्यात माझं काम कोड लिहिण्याचं नाही की चित्रं काढण्याचंही नाही. खेळणारे जे लिहितात ते मी वाचते, त्यांना उत्तरं देते आणि त्यातलं कामाचं टीमपर्यंत पोचवते.

लाँचच्या सकाळी गेम स्टीमवर, म्हणजे पीसीवरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, खुला झाला. ज्यांनी तो विशलिस्टमध्ये ठेवला होता त्यांना मेल गेले, आणि तासाभरात एका मोठ्या साइटचा रिव्ह्यू आला. दहापैकी सहा.

खोलीत कोणीच काही बोललं नाही. परीक्षेत दहापैकी सहा म्हणजे पास, पण गेमच्या रिव्ह्यूंचं गणित वेगळं आहे. तिथे सात म्हणजे ‘ठीकठाक’ अशी समजूत वर्षानुवर्षं पक्की झाली आहे, त्यामुळे सहा आकडा दिसला की बहुतेकजण ‘नका घेऊ’ असाच अर्थ लावतात. मी रिव्ह्यू दोनदा वाचला. लिहिणाऱ्याने मन लावून खेळल्याचं दिसत होतं. दिव्याच्या उजेडाचं आणि समुद्राच्या आवाजाचं त्याने भरभरून कौतुक केलं होतं. तक्रार एकच होती, की तासन्‌तास काही घडत नाही. ते खरंच होतं.

आमचा मुख्य प्रोग्रामर वयाने सगळ्यांत मोठा, त्याला सगळे दादा म्हणतात. तो म्हणाला, “झालं. आता कोण घेणार आपला गेम?” मग त्याने आम्हाला ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ची गोष्ट ऐकवली. या धंद्यातल्या जवळपास प्रत्येकाला ती माहीत असते. 2010 साली आलेला हा गेम ऑब्सिडियन या स्टुडिओने बनवला. प्रकाशकाशी झालेल्या करारात बोनससाठी मेटाक्रिटिक या रिव्ह्यू गोळा करणाऱ्या साइटवर 85 गुणांची अट होती. गेमला मिळाले 84. एका गुणासाठी बोनस गेला.

ती गोष्ट मला दिवसभर टोचत राहिली. तो एक गुण नेमका कोणाला महत्त्वाचा होता? 84 गुण पाहून मागे फिरला आणि 85 असते तर घेतला असता, असा खेळाडू मला डोळ्यासमोर आणता येत नाही. मेटाक्रिटिक निरनिराळ्या समीक्षकांचे गुण शंभरच्या मापात आणून त्यांची भारित सरासरी काढतं. म्हणजे एकाची नाराजी आणि दुसऱ्याचं प्रेम मिसळून तो आकडा तयार होतो. करारात लिहायला तो सोयीचा, कारण त्यावर वाद घालता येत नाही. खेळणाऱ्याला मात्र आपल्याला काय आवडेल हे शोधायचं असतं, आणि सरासरी आवडीचा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

दुपारपर्यंत स्टीमवर खेळाडूंचे रिव्ह्यू यायला लागले. तिथे गुण नसतात, फक्त अंगठा वर किंवा खाली. दहा रिव्ह्यू झाले की गेमला एक बिरुद मिळतं. सत्तर टक्के अंगठे वर असतील तर ‘मोस्टली पॉझिटिव्ह’, त्याखाली चाळीसपर्यंत ‘मिक्स्ड’. संध्याकाळी आमच्याकडे 52 रिव्ह्यू होते, त्यांतले 36 वर. म्हणजे 69 टक्के आणि थोडं. ‘मिक्स्ड’. अजून दोन अंगठे वर आले असते, तर 54 पैकी 38 होऊन बिरुद बदललं असतं.

फक्त दोन! साहजिकच कोणीतरी म्हणालं, “ओळखीच्या दोघा-चौघांना लिहायला सांगूया का? गेम फुकट देण्याच्या ‘की’, म्हणजे सांकेतिक क्रमांक, आपल्याकडे पडल्याच आहेत.” बाहेरून मिळालेली की वापरून लिहिलेला रिव्ह्यू स्टीम त्या टक्केवारीत धरतच नाही, आणि ओळखीपाळखीतून रिव्ह्यू लिहून घेणं नियमात बसत नाही, हे मी सांगितलं. पण माझं खरं कारण वेगळं होतं. सोळाजणांनी अंगठा खाली का केला, हे मी अजून पूर्ण वाचलं नव्हतं. त्यांच्या म्हणण्यावर दुसरं काही येऊन पडावं, हे मला नको होतं.

इंग्रजीतले सात मी आधीच वाचले होते. बहुतेकांचं म्हणणं त्या समीक्षकासारखंच, गेम फार संथ आहे. उरलेले नऊ रशियन, चिनी आणि कोरियन भाषेत होते. भाषांतर करून वाचावे लागतात म्हणून ते शेवटी ठेवले होते. ते शेवटी ठेवायला नको होते, हे पहिल्याच रिव्ह्यूला कळलं. रशियनमध्ये एकाने तीन वाक्यं लिहिली होती: “सहा तास दिवा सांभाळला. गेम बंद करून परत उघडला, तर पुन्हा पहिला दिवस. माझी वही कोरी.”

दुसरा उघडला. तेच. तिसरा, चौथा, तेच. कोणी रागाने लिहिलेलं, कोणी नुसतंच हताश होऊन, पण नऊच्या नऊ तक्रारी सेव्ह फाइलच्या.

“दादा, जरा इकडे या,” मी म्हटलं. “सेव्ह होत नाही म्हणणाऱ्यांत इंग्रजीत लिहिणारा एकही नाही.”

दादा खुर्ची ओढून बसला, यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि काही न बोलता टेस्टिंगच्या संगणकापाशी गेला. विंडोजवर नवं खातं उघडलं. नावाच्या रकान्यापाशी थांबून मला म्हणाला, “तुझं नाव टाक. देवनागरीत.”

मी टाकलं. त्या खात्यातून गेम सुरू केला, दिवा लावला, तीन जहाजांची नोंद केली, सेव्ह केलं. पडद्यावर कोपऱ्यात नेहमीसारखी शाईच्या दौतीची खूण आली, म्हणजे सेव्ह झालं. गेम बंद केला, परत उघडला. पहिला दिवस. वही कोरी.

माझं नाव समोर होतं आणि माझीच वही कोरी होती. सहा तास खेळलेल्या त्या माणसाला काय वाटलं असेल, ते तेव्हा समजलं.

कारण अगदी साधं होतं. विंडोज प्रत्येक खात्याचा एक फोल्डर करतं आणि त्याला खात्यावरूनच नाव देतं. आमचा गेम त्याच फोल्डरात सेव्ह फाइल ठेवायचा. पण त्या वाटेतली अक्षरं इंग्रजीच असणार, असं आमच्या कोडने धरून ठेवलं होतं. दुसऱ्या लिपीतलं नाव आलं की फोल्डर सापडायचा नाही, फाइल लिहिलीच जायची नाही, आणि ते तपासण्याआधीच आम्ही दौतीची खूण दाखवून मोकळे व्हायचो. ऑफिसातल्या सातही संगणकांवर आमची नावं इंग्रजी अक्षरांत आहेत. तीन वर्षांत हा बग आमच्यापैकी एकालाही दिसला नव्हता.

त्या सहा गुणांत या बगचा मागमूस नव्हता. समीक्षकाच्या संगणकावर गेम नीट चालला होता, म्हणून त्याचे सहा त्याच्यापुरते प्रामाणिकच होते. रशियातल्या त्या खेळाडूला मात्र ते सहा, आठ किंवा दहा असते तरी काय उपयोग होता? ‘सायबरपंक 2077’च्या वेळी हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. डिसेंबर 2020 मध्ये गेम येण्याआधीचे रिव्ह्यू पीसीवर खेळून लिहिलेले होते आणि गुण चांगले होते. प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन या जुन्या गेम-कन्सोलवर गेमची अवस्था इतकी वाईट निघाली, की आठवडाभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून घेतला. पीसीवरचे ते गुण प्लेस्टेशन 4 घेऊन बसलेल्याच्या कामाचे नव्हते.

गुणांना काहीच किंमत नाही, असं मी म्हणणार नाही. एखाद्या गाजलेल्या मालिकेचा पुढचा भाग असेल, तर तिचे चाहते कोणाच्या आकड्याची वाट पाहत नाहीत. आमच्यासारख्या अनोळखी गेमचं तसं नसतं. हजारो गेमच्या यादीतून बोट फिरवणारा माणूस ‘मिक्स्ड’ दिसलं की पुढे सरकतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पण जो गेमच्या पानापाशी थांबतो, तो त्यानंतर आकड्याकडे बघत नाही. खेळाडूंशी रोज बोलून मला दिसलेली गोष्ट ही, की ते आधी खाली गेलेले अंगठे वाचतात. यातला दोष मला चालेल का, एवढंच त्यांना पाहायचं असतं.

रात्री पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, बनत असताना मी रिफंडची टिपणं काढून बसले. दोन तासांहून कमी खेळलं असेल, तर स्टीमवर चौदा दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात, आणि परत मागणाऱ्याने कारण लिहिलं असेल तर ते आम्हाला दिसतं. सेव्ह होत नाही, वेगळं काहीतरी वाटलं होतं, माझ्या लॅपटॉपवर अडकतो. त्या सहा गुणांचा उल्लेख एकाही टिपणात नव्हता.

त्याच वेळी वर गेलेल्या अंगठ्यांत एक नवा रिव्ह्यू दिसला. लिहिणारी रात्रपाळी करणारी नर्स होती. तिने लिहिलं होतं, की ‘तासन्‌तास काही घडत नाही’ हे वाक्य वाचून तिने गेम घेतला, कारण घरी आल्यावर तिला नेमकं तेच हवं असतं. तिच्या त्या रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट मी दादाला पाठवला. शेजारच्याच टेबलावर बसला होता, पण तो कोडमध्ये होता आणि मला हाक मारायची नव्हती. थोड्या वेळाने त्याने मान वर केली आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं.

पहाटे पॅच गेला. मी नऊही जणांच्या रिव्ह्यूखाली उत्तरं लिहिली: काय बिघडलं होतं, का, आता काय बदललं, आणि गेलेले तास आम्हाला परत आणता येत नाहीत हेही. पुढच्या दोन दिवसांत पाचजणांनी अंगठा वर केला. बिरुद कधी बदललं ते आम्ही कोणी पाहिलंही नाही.

सहा तासवाल्याने अंगठा खालीच ठेवला. मूळ रिव्ह्यूत फक्त एक ओळ जोडली: “आता सेव्ह होतं, पण माझी पहिली वही गेली ती गेलीच.” मी त्याला पुन्हा काही लिहिलं नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

टेस्टिंगच्या संगणकावर माझ्या नावाचं ते देवनागरी खातं अजून आहे. शेजारी आता एक रशियन आणि एक कोरियन नावाचं खातंही आहे. नवी बिल्ड, म्हणजे गेमची नवी आवृत्ती, आली की दादा आधी त्या तीन खात्यांतून दिवा लावतो, गेम बंद करतो, परत उघडतो आणि वही पाहतो.