मुरगळलेला घोटा आणि अर्निका

गेल्या पावसाळ्यात अजिंक्यताऱ्यावरून उतरताना माझा घोटा मुरगळला, तेव्हा शेजारच्या काकूंनी अर्निकाच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या हातावर ठेवल्या. मुक्या मारासाठी अर्निका, लचकलेल्या सांध्यासाठी रूटा, चेचलेल्या बोटासाठी हायपेरिकम, अशी होमिओपॅथीतील परंपरागत विभागणी आहे. मात्र या गोळ्यांची ‘३० सी’ ही मात्रा म्हणजे मूळ अर्काचे शंभरपट विरलीकरण, तेही ३० वेळा. त्यात मूळ वनस्पतीचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ नसते आणि या गोळ्या औषधविरहित गोळ्यांपेक्षा अधिक गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावाही नाही. काकूंचे मन मोडवेना, म्हणून मी त्या घेतल्या (गोड होत्या!), भिस्त मात्र बर्फाचा शेक, क्रेप बँडेज आणि उशीवर उंच ठेवलेला पाय यांवरच होती. पाय टेकवताच आला नसता, तर मी थेट एक्स-रे काढून घेतला असता.