मुडावदच्या काठावर, तापीच्या थरांपाशी

अमळनेरहून बेटावदमार्गे मुडावदला पोचेपर्यंत अकरा वाजले. जानेवारी असूनही ऊन चटकत होतं. कपिलेश्वराचं दर्शन उरकलं आणि सरळ नदीची दरड गाठली. घरचे म्हणतात, मी देवाचं निमित्त करून माती बघायला जातो. खोटं नाही ते.

दरड दोन पुरुष उंच. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेली पिवळी, मग हातभर बारीक वाळू, पुन्हा चिकणमाती, तळाला गोटे. बोअरच्या नोंदीत मी हे रोज कागदावर बघतो. इथे त्या वाळूत बोट घातलं तर कोपरापर्यंत ओघळ सुटला.

खाली पाण्याच्या कडेला उतरलो तर मळ्यातले आप्पा ओरडले, "भाऊ, तठे नका जावू, पाय फसी!"

पण मला तेच बघायचं होतं. ओल्या वाळूवर उभं राहून जागच्या जागी पाय आपटत राहिलो. वाळू आधी घट्ट होती, मग चकाकली, पायाखाली खिरीसारखी डुलली आणि मी घोट्यापर्यंत खाली. भूकंपात याहून वेगळं काही होत नाही. भुसभुशीत वाळूचे कण एकमेकांवर टेकून वरचं ओझं पेलतात. हादरे बसले की ते दाटीनं बसू बघतात, पण मधलं पाणी तेवढ्यात निसटत नाही. मग ओझं पाण्यावर येतं आणि कणांची पकड जाते. जपानमधल्या निगाता शहरात १९६४ साली चार मजली इमारती अशाच कलंडल्या, काहींच्या तर भिंतींना फारसे तडेही नव्हते. २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणात जमिनीतून पाणी आणि वाळू उसळली.

पण नुसती वाळू म्हणजे अर्धीच गोष्ट. पाण्याची बाटली कापली, अर्धी पाण्यानं भरली, त्यात वाळू सोडली, वर चिमूटभर गाळ. तो बसेपर्यंत आप्पांच्या बांधावर कळण्याची भाकरी आणि ठेचा झाला. (ठेच्यासाठी एक वेगळी पोस्ट लिहावी लागेल.) मग हलक्या हातानं आणखी वाळू पेरली आणि बाटलीला टिचक्या मारल्या. खालची वाळू दबली. वर निघालेलं पाणी गाळाच्या पापुद्र्याखाली अडलं आणि तिथे स्वच्छ पाण्याची बारीक रेघ दिसली! थरांच्या जमिनीत ही रेघच घात करते. उतार असेल तर वरची माती तिच्यावरून घसरते, तीही कधी हादरे थांबल्यावर. कॅलिफोर्नियातलं लोअर सॅन फर्नांडो धरण १९७१ मध्ये घसरलं, ते भूकंप थांबून अर्धं मिनिट झाल्यावर, असं अभ्यासकांनी दाखवलं आहे. त्यात पाणी थरांमधून इकडचं तिकडे सरकण्याचा वाटा होता, असं मानतात.

थर कधी वाचवतातही. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये भूकंपात, सलग जाड वाळू होती तिथे रस्ते वर आलेल्या चिखलानं भरले. वाळू-गाळाचे पातळ थर आलटून-पालटून होते तिथे वर फारसं काही दिसलं नाही. म्हणून "खाली वाळू आहे" एवढ्यावर घाबरू नये आणि "वर चिकणमाती आहे" म्हणून निश्चिंतही होऊ नये.

आप्पांनी बाटली उन्हात धरून नीट पाहिली. "मंग मना पंपनी खोली?"

ती काठालगतच, पुरानं आणून टाकलेल्या वाळूवर. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहाहून मोठा भूकंप झाला होता, तो खोलवर होता, हे सांगितलं. दरडीतली जुनी, दाबलेली वाळू सहसा दगा देत नाही, नवी आणि पाण्यानं भरलेलीच देते, हेही सांगितलं. विचारलं, खोलीखाली पाणी किती हातांवर लागतं?

"आते? दहा-बारा हात."

"आणि पावसाळ्यात?"

आप्पांनी खोलीच्या जोत्यावर हात ठेवला. "आठे लगून. पावसायामा या भाऊ, तवय दखा."

जुलैची सुट्टी टाकली आहे.