पत्रात प्रतिनिधी, पावतीत पर्यटक

रेशनचं काम बघणाऱ्या पुरवठा शाखेतली अव्वल कारकून म्हणजे गहू-तांदळाचं नियतन, उचल, बंद पडलेली ई-पॉस मशीन आणि अंत्योदयच्या याद्या. ग्राहक संरक्षणाचं टेबलही याच शाखेत असतं, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. ज्याच्याकडे आधीच तीन टेबलं आहेत, त्यालाच ते चिकटवतात. आमच्याकडे ते मला चिकटलं.

९ ऑक्टोबर २०२४ ला एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. तालुक्याच्या गावी त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, मुलगा आठवीत. अर्जाला जोडलेलं पत्र इतकं देखणं होतं की आवक क्रमांकाचा शिक्का मारताना माझा हात थांबला. जाड, हस्तिदंती रंगाचा कागद, सोनेरी उठावाचं बोधचिन्ह. आयोजक संस्थेच्या नावात 'जागतिक', 'युवा' आणि 'नेतृत्व' हे तिन्ही शब्द. आपल्या पाल्याची देशभरातील निवडक विद्यार्थ्यांमधून निवड झाली आहे, सहा दिवसांची परदेशातील परिषद, निवड क्रमांक अमुक. खाली मुलाला उद्देशून वेगळी ओळ: 'ही संधी गमावू नकोस, आई-बाबांना आजच सांग.' त्यांनी पूर्ण रक्कम भरली होती. नंतर कळलं, की वर्गातल्या सगळ्याच पोरांना पत्र आलंय.

१५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली. मग आम्ही सगळे मतदार याद्या, मतदान केंद्रं आणि प्रशिक्षण वर्ग यांतच होतो. संचिका कपाटात गेली ती २३ नोव्हेंबरची मतमोजणी होईपर्यंत. तेवढ्या दिवसांत आणखी सहा घरांनी नोंदणीचे पैसे भरले. त्याचा दोष निवडणुकीच्या खात्यात टाकायचा की माझ्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम १६ म्हणतं, की दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची चौकशी जिल्हाधिकारी करू शकतात आणि अहवाल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे पाठवतात. आमच्या शाखेत हे कलम तोवर कुणी वाचलेलं नव्हतं. मीही तक्रार आली म्हणूनच वाचलं. त्याबरोबर ९ जून २०२२ ची जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वं वाचली आणि खरं सांगते, मजा यायला लागली. धान्याच्या गोणीचं वजन करताना असते तशी. मुलांच्या अननुभवाचा नि भाबडेपणाचा फायदा घेऊ नये. वस्तू घ्या किंवा आईवडिलांना घ्यायला लावा, असं मुलांना थेट सांगू नये. म्हणजे 'आई-बाबांना आजच सांग' ही ओळ जशीच्या तशी आत बसत होती. पुढे खुलाशाच्या टिपेबद्दल: ज्या भाषेत दावा, त्याच भाषेत टीप हवी, आणि अक्षरंही तशीच. मी मुलीच्या कंपासमधली पट्टी आणली. दावा मराठीत, अक्षराची उंची ९ मिलीमीटर. टीप पत्राच्या पाठीमागे, इंग्रजीत, जेमतेम १ मिलीमीटर. तिच्यात लिहिलं होतं, की ही निवड म्हणजे गुणवत्तेचं प्रमाणपत्र नव्हे आणि कोणत्याही आंतरराष्ट्रीय संस्थेशी आयोजकांचा संबंध नाही.

बोधचिन्हात पृथ्वीचा गोल आणि दोन बाजूंनी वाकलेल्या फांद्या, निळ्या पट्टीवर. संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह असावं असंच वाटावं. त्यांच्या चिन्हात ऑलिव्हच्या फांद्या आहेत. इथे भिंगातून पाहिलं तर गव्हाच्या ओंब्या. पुरवठा शाखेत आयुष्य गेलेल्या बाईला ओंबी ओळखायला दुसरं कुणी लागत नाही. संयुक्त राष्ट्रांचं नाव आणि चिन्ह यांना १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्यात संरक्षण आहे, परिशिष्टात पहिलीच नोंद त्यांची. मूळ कायद्यात दंड ५०० रुपयांपर्यंत. ज्यानं चित्र काढलं त्याला हे माहीत असावं, तरीही त्यानं फांदीची ओंबी केली, म्हणजे माणूस काळजी घेणारा.

पण खरा पुरावा निवड क्रमांकात होता. मी घरोघर फिरून २३ पत्रांच्या प्रती गोळा केल्या आणि क्रमांकानुसार मांडल्या. २२१४ पासून २२४४ पर्यंत सगळी मुलं, २२४५ पासून मुली. दोन्हीकडे आडनावं अ, क, ख, ग अशी ओळीनं. देशभरातून निवड केल्यावर गुणवत्ता अशी आधी मुलगे, मग मुली आणि तीही बाराखडीनं उतरत नाही. असं फक्त हजेरीपटावर असतं. शाळेत जाऊन हजेरीपट मागितला. ५८ विद्यार्थी, क्रमांक २२१४ ते २२७१. सतराव्या नावावर जुलैमध्येच लाल रेघ, दाखला नेलेला. २२३० हा क्रमांक त्याच मुलाचा. त्याचं पत्र गावात राहणाऱ्या आजोबांनी जपून ठेवलं होतं. जो मुलगा शाळेतच नाही, त्याच्या 'शिक्षकांनी शिफारस केल्याचं' त्यात लिहिलं होतं.

मुख्याध्यापकांचा जबाब अर्ध्या पानाचा आहे. यादी दिली, उपक्रम चांगला वाटला. पंधरा मुलांमागे एक शिक्षक मोफत, ही अट त्यांनी स्वतःहून सांगितली नाही. ती आयोजकांच्या दरपत्रकात सापडली, आणि त्याच संचिकेत मुख्याध्यापकांच्या पारपत्राची झेरॉक्सही. माणूस वाईट नाही. वीस वर्षं खडू-फळ्याच्या अनुदानाची वाट पाहणाऱ्याला कुणी विमानाचं तिकीट दाखवलं की तो यादीची एक प्रत काढतो. मला राग त्यांचा कमी आला, स्थानिक दैनिकांचा जास्त आला. आयोजकांनी पाठवलेली बातमी दोघांनीही स्वल्पविरामासकट छापली होती. आणि चौकात फ्लेक्स. 'निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', वर नेत्यांचे सहा चेहरे, खाली पोरांचे नऊ. फ्लेक्सचे पैसे पालकांनीच काढलेले. एवढी फुकट जाहिरात कुठल्या कंपनीला मिळते?

आयोजकांच्या वकिलांचं उत्तर आलं, तेव्हा मात्र दोन दिवस झोप लागली नाही. त्यांनी राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा जानेवारी २०२० चा मनू सोळंकी निकाल जोडला होता. शिक्षण देणाऱ्या संस्था आणि त्यांच्या सहली, सहशालेय उपक्रम ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, असं तो म्हणतो. आमची परिषद शैक्षणिक, सबब आपणांस अधिकार नाही. साहेब म्हणाले, ''बघा, मी म्हणत होतो.'' साहेब असं काही म्हणत नव्हते.

उत्तर अखेर गॅरेजवाल्यांच्या पावतीत मिळालं. मूळ रक्कम १,२०,०००. त्यावर जीएसटी ५ टक्के, सहल आयोजक सेवा, ६,०००. त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं विकतानाच गोळा करायचा आयकर, ५ टक्के, परदेशी सहल पॅकेज, ६,३००. एकूण १,३२,३००. शाळा मुलांना शिकवते त्यावर जीएसटी लागत नाही. यांनी सरकारला सांगताना सहल विकली होती आणि आईबापांना सांगताना निवड. पत्रात मुलगा प्रतिनिधी, पावतीत पर्यटक. कार्यक्रमपत्रिकेत परिषद तिसऱ्या दिवशी सकाळी ९.३० ते दुपारी १, हॉटेलच्या सभागृहात. बाकी मत्स्यालय, मॉल, नदीतली बोट. टिप्पणीतला हा परिच्छेद मला पाठ आहे.

दरम्यान आयोजकांनी गॅरेजवाल्यांचे पैसे परत केले आणि त्यांनी तक्रार मागे घेतल्याचा अर्ज दिला. कार्यालयात याहून गोड कागद नसतो. 'अर्जदाराचे समाधान झाले, प्रकरण दप्तरी दाखल.' मी टिप्पणीत लिहिलं, की कलम १६ ग्राहकांच्या वर्गाच्या हक्कांबद्दल आहे, एका अर्जदाराच्या नाही. कलेक्टर साहेबांनी हिरव्या शाईत तीन शब्द लिहिले: 'अहवाल तातडीने पाठवा.' डिसेंबरअखेर अहवाल गेला. पोहोच आली. पुढचं अजून काही नाही.

पण मी हे लिहितेय ते त्या पत्रांतल्या एकविसाव्या पत्रामुळे. आई शिलाईकाम करते, वडील नाहीत. नोंदणीचे ५,००० भरले, पुढचं जमलं नाही. तेव्हाच्या भावानं उरलेली रक्कम म्हणजे तीस क्विंटलांवर सोयाबीन, आणि त्यांची जमीन दीड एकर. पत्र मात्र फ्रेम करून भिंतीवर, सावित्रीबाईंच्या शेजारी. मी म्हटलं, फोटो काढते. काचेवर उजेड चमकत होता, म्हणून मुलीनं फ्रेम खाली काढून मागचे खिळे सोडवले. मी पट्टी लावली. ती बघत होती.

''मॅडम, सगळ्यांनाच आलंय का हे?''

''बऱ्याच जणांना आलंय.''

''मग मला निवडलं नव्हतं का?''

''तुझं नाव यादीत होतं,'' मी म्हणाले.

खोटं नव्हतं. यादीत नाव होतं, क्रमांक २२६२. तिनं मान हलवली आणि खिळे परत ठोकायला घेतले. बाहेर येऊन गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की मी तिला ९ मिलीमीटरमधलं वाक्य सांगितलं आणि १ मिलीमीटरमधलं पाठीमागे ठेवलं.

जानेवारीत तिच्या आईचा फोन आला. नंबर मीच दिला होता, नोंदणीचे पैसे परत मागायचा अर्ज कसा करायचा त्यासाठी. ते त्यांनी विचारलंच नाही. एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, गुणवत्तेची प्रमाणपत्रं जोडा असं लिहिलेलं.

''ते पत्र जोडलं तर चालंल का मॅडम?''

''नका जोडू, ताई.''

''का हो?''

मग मी सांगितलं, हजेरीपटापासून. लाल रेघेच्या पोराचंही सांगितलं. पलीकडे मशीन चालू होतं, ते मध्येच थांबलं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, ''तिला मी सांगते. तुम्ही नका सांगू.'' आणि मग, पाच हजारांचा अर्ज कोऱ्या कागदावर चालतो का, तेवढं विचारून फोन ठेवला.