स्नेक प्लांटची पिवळी किनार

गेल्या नोव्हेंबरात नाशिकमध्ये इंदिरानगरच्या घरी खुर्ची सरकवताना स्नेक प्लांटचं एक लांबलचक पान मोडलं. दोन्ही कडांना पिवळी किनार असलेलं, लॉरेंटी जातीचं. टाकून देववेना, म्हणून त्याचे चार-चार इंचांचे तुकडे केले.

दिंडोरीहून बाबा आले होते. त्यांचं आयुष्य द्राक्षाच्या काड्या लावण्यात गेलेलं. म्हणाले, "खालचं टोक कुठलं, खूण केलीस का?" उलटी लागलेली काडी काय, पानाचा तुकडा काय, मुळं धरत नाही. आणि कापल्यावर सगळे तुकडे सारखेच दिसतात! मग प्रत्येकाच्या बुडाला कात्रीनं त्रिकोणी खाच दिली. चार दिवस ते सावलीत कागदावर पसरून ठेवले. मागे एकदा कापल्या कापल्या लावले होते, तर आठवड्यात बुडं लिबलिबीत होऊन वास सुटला होता. या वेळी कापलेली कड सुकून खरखरीत होऊ दिली.

निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यात इंचभर खोल खोचले. माती पार कोरडी झाली तरच पाणी. पण हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेच्या उबदार हवेतलं आणि आपल्याकडे थंडी पडलेली. जानेवारीपर्यंत काहीच हालचाल नाही. माझं मत विचाराल तर नाशिकमध्ये हे काम फेब्रुवारीनंतरच करावं. मार्चअखेरीस एक तुकडा हलकेच ओढून पाहिला, तर त्यानं माती घट्ट धरली होती. इतका आनंद झाला!

जूनमध्ये मातीतून टोकदार, गुंडाळलेला फुटवा वर आला. उलगडला तर नुसता हिरवा. पिवळी किनार नाहीच. या जातीत किनारीच्या पेशी वेगळ्या आणि मधल्या वेगळ्या. पानाच्या तुकड्यातून फुटवा येतो तो हिरव्या पेशींमधून. किनार हवी तर कंदच फोडावा लागतो.

म्हणून मूळ झाड कुंडीतून काढलं. खाली आल्यासारखे, अंगठ्याएवढे जाड नारिंगी कंद. प्रत्येक भागाला दोन पानं आणि मुळं राहतील असं बघून धारदार सुरीनं दोन भाग केले, कापलेली जागा सुकू दिली आणि वेगळ्या कुंड्यांत लावले.

दसऱ्याच्या सुमारास नव्या कुंडीत फुटवा आला. बोटाएवढाच आहे, पण कडेला पिवळी रेघ स्पष्ट दिसते.