बान मीच्या शोधात

मेलबर्नच्या टार्नेट उपनगरातल्या मराठी माणसाला मोदकाची पिठी, ओला नारळ, पुण्याची बाकरवडी, काहीही विचारा. तो दुकान सांगतो, शेजारचं दुकान स्वस्त आहे हे सांगतो आणि गाडी कुठे लावायची तेही सांगतो. 'चांगला बान मी, म्हणजे व्हिएतनामी सँडविच, कुठे मिळतो?' म्हटलं की मात्र विषय बिर्याणीवर जातो. मेलबर्नला आल्यापासून हे इतक्यांदा झालं की शेवटी हे खातं आपणच सांभाळायचं ठरवलं.

चटक लागली ती कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत. तिथे व्हिएतनामी वस्तीच एवढी मोठी की बान मी शोधावा लागत नसे, वाटेत आडवा येई. मेलबर्नला तो असणार हे माहीत होतं. प्रश्न होता चांगल्याचा.

बान मीत सगळं पावावर ठरतं. दिसायला तो फ्रेंच बगेटसारखाच, पण बगेट चावताना जबड्याला व्यायाम होतो, तसं इथे होता कामा नये. कवच पातळ, दाबलं की चुरचुरणारं, आणि आत जवळजवळ हवाच. त्या पोकळीत एका बाजूने लिव्हरचं पाते (पावाला फासायचं मऊ वाटण), दुसऱ्या बाजूने अंड्याच्या बलकाचं पिवळं मेयोनीज, मग पोर्कचे थंड काप किंवा कुरकुरीत सालीचं भाजलेलं पोर्क, काकडीची लांब फोड, व्हिनेगर-साखरेत मुरवलेलं गाजर आणि मुळा, देठासकट कोथिंबीर, लाल मिरची. वर मॅगीचे चार थेंब. (हो, तोच मॅगी, पण नूडल्स नव्हेत, बाटलीतला काळा, खारट सॉस.) मुळा नीट निथळलेला नसेल तर पाव भिजतो आणि सगळी मजा जाते. म्हणून मी दुकानात शिरले की आधी मेनू वाचत नाही, मागे भट्टी आहे का ते बघते.

आमच्या ऑफिसच्या खाली एक देखणं दुकान आहे. कुंड्या, पिवळे दिवे, पितळी नळ. तिथला 'बान मी' ब्रिऑश नावाच्या पावात येतो, मऊ नि गोडसर, वर किमची, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं लोणचं. ब्रिऑश फ्रान्सचा, किमची कोरियाची आणि भाव समुद्राकाठच्या बंगल्याचा. व्हिएतनामचं त्यात काय, ते दोनदा उलगडून पाहिलं तरी सापडलं नाही.

हा पदार्थ मुळात घाईतल्या माणसांचा. फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकात व्हिएतनामात पाव नेला तेव्हा तो बशीत मिळे. लोणी वेगळं, मांसाचे काप वेगळे, सोबत सुरी-काटा. 1954 साली देशाची फाळणी झाली आणि उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत आले. त्यांच्यातल्याच हनोईच्या एका जोडप्याने 1958 मध्ये दक्षिणेच्या राजधानीत, सायगावात, 'होआ मा' नावाचं दुकान काढलं. सकाळी कामावर पळणाऱ्यांना बशीपुढे बसायला वेळ कुठला! सगळं पावाच्या पोटात गेलं आणि पाव हातात आला. ते दुकान अजून चालू आहे.

म्हणजे बान मी विस्थापितांच्या मागोमाग फिरतो. हे लक्षात आल्यावर खाण्याचे व्हिडिओ बघणं मी सोडलं आणि शहराचा इतिहास वाचायला घेतला. 30 एप्रिल 1975 ला सायगाव उत्तर व्हिएतनामच्या ताब्यात गेलं. पुढच्या काही वर्षांत ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने व्हिएतनामी निर्वासितांना देशात घेतलं. मेलबर्नला आलेल्यांपैकी अनेकांचा पहिला मुक्काम स्थलांतरितांसाठीच्या सरकारी वसतिगृहांत पडला: पश्चिमेला मॅरिबिर्नाँगचं 'मिडवे', आग्नेयेला स्प्रिंगवेलचं 'एंटरप्राइझ'. तिथून बाहेर पडलेली माणसं लांब कशाला जातील? जवळपास घरं परवडणारी, कारखान्यांत काम. एकाच्या शेजारी दुसरा, मग किराणा, मग बेकरी. नकाशावर ही दोन वसतिगृहं शोधली की पश्चिमेला फूटस्क्रेचा आणि आग्नेयेला स्प्रिंगवेलचा बाजार तिथून जवळच.

शिवाय टार्नेटची गाडी फूटस्क्रेला थांबते. घरी यायच्या वाटेवरचंच स्टेशन, आणि मी शहरभर हिंडत होते!

तिथल्या बेकरीत गोडवा नाही, वेग आहे. काउंटरपलीकडच्या मावशी वर न बघता विचारतात, 'चिली?' आपण 'हो' म्हणेपर्यंत पाव चिरलेला असतो. इथे बोर्डावर बऱ्याचदा बान मीऐवजी 'पोर्क रोल' लिहिलेलं असतं, ते वाचून दारातूनच परतणारे आपले लोक मी पाहिलेत. त्यांनी थोडं थांबावं. आत टोफूचाही मिळतो. फक्त पाते नको हे आधी सांगावं लागतं. बरेच व्हिएतनामी बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत, त्यामुळे 'आज माझा उपवास आहे' हे त्या मावशींना समजावणं कुठल्याही ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याला समजावण्यापेक्षा सोपं आहे.

स्प्रिंगवेलजवळच्या क्लेटनमधल्या माझ्या मैत्रिणीला हे सगळं मान्य आहे, फूटस्क्रे सोडून. तिच्या मते पोर्कची साल भाजावी ती स्प्रिंगवेलनेच. पश्चिमेकडच्या लोकांना फक्त रांगेत उभं राहण्याची हौस. मी म्हटलं, एकाच दिवशी दोन्हीकडचं खाऊन निकाल लावू. शनिवार ठरला होता, पण तिची संकष्टी निघाली. आता रविवारी जाणार आहोत, आधी स्प्रिंगवेलला, कारण गाडी तिची आहे.